‘श्यामची आई’ : पुस्तक आणि १९५३ चा सिनेमा मुलांबरोबर ताडून पाहताना

चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, सुट्टीत वाचनालयात मुलांसाठी काय करायचं, असा प्रश्न निघाला की कुणीतरी हमखास ‘श्यामची आई’चं नाव काढतं. मग पुस्तकाची एक प्रत हातोहात फिरते, एका संध्याकाळी सिनेमा लागतो, दोन-चार आज्या डोळे पुसतात. मुलांना ‘काय आवडलं?’ विचारलं की सगळी एका सुरात ‘आई’ म्हणतात आणि पावभाजीकडे पळतात. दोन्ही ताडून पाहणं राहूनच जातं.

ते कसं करायचं, त्यासाठी हा लेख आहे. गोव्यात फोंडा, डिचोली, पेडणे, सत्तरी या भागांत मराठी वाचणारी मुलं आहेत, त्यांना जमवणारी माणसंही आहेत. सहावी ते नववीची आठ-दहा मुलं, एक मोठं माणूस, बसायला वाचनालयाची खोली किंवा देवळाची अग्रशाळा (देवळाभोवतीची ओवरी) आणि साधारण महिनाभराच्या रविवार-संध्याकाळी एवढ्यावर हे होतं.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची सगळी पावलं तिच्यावर उभी आहेत. ‘सिनेमात काय गाळलं’ याची यादी म्हणजे तुलना नव्हे. ती यादी कुणीही अर्ध्या तासात करील. विचारायचं ते हे, की गोष्ट सांगतंय कोण? पुस्तकात गोष्ट सांगितली जाते तेव्हा आई हयात नसते. मोठा झालेला श्याम आश्रमात, रात्रीच्या प्रार्थनेनंतर, आपल्या सोबत्यांना तिच्या आठवणी सांगतो. तो सांगेल तेवढीच आई आपल्याला दिसते. पडद्यावर मात्र ती चालते, बोलते, रागावते. ती आठवणीतून येत नाही, थेट आपल्यासमोर उभी असते. मुलांच्या हाती हे एक सूत्र द्या, बाकीचे फरक ती स्वतः शोधतात.

आधी तुमची तयारी

तीन काळ मनात पक्के करा. गोष्ट घडते ती विसाव्या शतकाच्या आरंभीच्या कोकणात. श्याम म्हणजे लेखक साने गुरुजी स्वतः; त्यांचा जन्म १८९९ चा, दापोलीजवळच्या पालगडचा. पुस्तक लिहिलं गेलं फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात, बहुतेक भाग अवघ्या पाच दिवसांत. ते छापून आलं १९३५ साली. सिनेमा आला १९५३ साली, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर आणि गुरुजी १९५० च्या जूनमध्ये गेल्यानंतर. गुरुजींनी तो पाहिलाच नाही. आपल्याकडे तेव्हा पोर्तुगीजच होते, हेही मुलांना सांगून ठेवा. गोव्यातल्या मुलांना १९५३ हा आकडा त्याशिवाय नीट लागत नाही.

दुसरं, ही दोन मास्तरांची कृती आहे हे ध्यानात असू द्या. गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिकवायचे. सिनेमाचे निर्माते-दिग्दर्शक आचार्य अत्रे पुण्यात मुख्याध्यापक होते आणि मुलांसाठी त्यांनी वाचनमाला काढली होती. पण स्वभाव दोन टोकांचे. गुरुजींचं पान क्वचितच हसतं. अत्रे म्हणजे ‘झेंडूची फुले’ लिहिणारा माणूस, अडीच तास हसवल्याशिवाय राहणं त्यांना जमणारं नव्हतं. पडद्यावर हशा पिकला की मुलांना विचारा, हे पुस्तकात होतं का?

प्रत नीट बघून घ्या

गुरुजींच्या लेखनावरचे हक्क कधीच संपले आहेत, त्यामुळे बाजारात पुष्कळ प्रकाशकांच्या प्रती मिळतात. काही संक्षिप्त असतात, काही ‘मुलांसाठी सोप्या’ केलेल्या. त्या घेऊ नका. अनुक्रमणिका उघडा, ‘प्रारंभ’ आणि त्यापुढे ४२ रात्री, म्हणजे प्रकरणं, असतील तर प्रत पूर्ण. पणजीच्या पाटो इथल्या कृष्णदास शामा ग्रंथालयापासून गावच्या वाचनालयापर्यंत जुनी प्रत सापडतेच. दोन मुलांमागे एक प्रत हवी, कारण पेन्सिलीने खुणा करायच्या आहेत. वाचनालयाची प्रत असेल तर कागदाचे कपटे घाला, नाहीतर ग्रंथपाल पुढच्या वेळी दारात उभं करणार नाहीत.

सिनेमाचंही तसंच. इंटरनेटवर त्याचे तुकडे आणि कापलेल्या आवृत्त्या फिरतात. पूर्ण सिनेमा अडीच तासांच्या आसपास आहे. त्याहून बराच लहान निघाला तर दुसरी प्रत शोधा. कापलेली प्रत दाखवून ‘हा प्रसंग अत्र्यांनी गाळला’ असा निष्कर्ष काढला तर सगळी मेहनत वाया. जाहीर कार्यक्रम करणार असाल तर प्रतीच्या हक्कांची चौकशीही आधीच करून ठेवा.

सगळ्या रात्री वाचू नका

हे काहींना आवडणार नाही. पण ४२ रात्री एका महिन्यात मोठ्याने वाचून घेतल्या तर मुलं दुसऱ्या रविवारी गळतात. शिवाय पुस्तक ओळीने उपदेश करत जातं. सलग वाचलं की आईपेक्षा उपदेशच लक्षात राहतो. माझी निवड अशी : ‘प्रारंभ’ वगळायचाच नाही. मग ‘मुकी फुले’, ‘थोर अश्रू’, ‘पत्रावळ’, ‘श्यामचे पोहणे’, ‘अळणी भाजी’, ‘देवाला सारी प्रिय’, ‘अब्रूचे धिंडवडे’ आणि ‘भस्ममय मूर्ती’. ज्याला पुढे वाचायचं तो वाचतोच, त्याला अडवावं लागत नाही.

‘प्रारंभ’ सोडू नका म्हणतो ते उगाच नव्हे. सांगणारा कोण, ऐकणारे कोण, वेळ कोणती हे सगळं तिथे आहे. सिनेमा सुरू झाला की पहिल्या दहा मिनिटांत बघायचं ते हेच : ही चौकट अत्र्यांनी ठेवली, बदलली की मोडली?

वाचताना एकाने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी तीन खुणा कराव्यात. आई प्रत्यक्ष बोलते तिथे एक रेघ. मोठा श्याम मध्ये थांबून आपल्या सोबत्यांशी बोलतो तिथे दोन रेघा. आणि कुणीच बोलत नाही, पण काहीतरी घडतं, तिथे गोल. पहिल्या दोन खुणा मुलं भराभर करतात. गोल थोडे येतात, पण सिनेमाचं खरं काम त्या गोलांत असतं.

सिनेमा बघण्याआधी तो कागदावर काढून घ्या

माझ्या मते ही सगळ्यात उपयोगी पायरी आहे आणि नेमकी हीच सगळे टाळतात. ‘अळणी भाजी’ची रात्र घ्या. आईने रताळ्याच्या पाल्याची भाजी केलेली असते आणि तीत मीठ घालायचं ती विसरते. वडील जेवायला बसतात, भाजी अळणी लागते, पण एका शब्दाने बोलत नाहीत. उलट गोडीने खातात. त्यांचं बघून मुलंही गप्प. शेवटी आई जेवायला बसते तेव्हा पहिल्या घासाला तिला कळतं. कुणी सांगितलं का नाही, याचं तिला वाईट वाटतं. वडिलांचं म्हणणं असं, की इतक्या कष्टाने रांधलेल्या अन्नाला नाव ठेवून तिला दुखवायचं कशाला?

आता मुलांना कोरा कागद द्या, त्यावर सहा चौकटी आखून घ्या आणि सांगा : हा प्रसंग तुम्ही सिनेमात दाखवणार आहात. अट एकच, आईला कळेपर्यंत ‘मीठ’ हा शब्द कुणी उच्चारायचा नाही.

इथे मुलं अडतात आणि अडायलाच हवीत. पुस्तकात श्याम सरळ सांगतो की भाजी अळणी होती, म्हणून आपल्याला कळतं. कॅमेऱ्याला चव नसते. मग बापाचा हात घास घेताना क्षणभर थांबतो असं दाखवायचं? लहान भाऊ तोंड वाकडं करतो आणि मोठा त्याला डोळ्यांनी दटावतो? की मिठाचा सट चुलीजवळ झाकलेलाच राहिलेला दाखवायचा, म्हणजे बघणाऱ्याला आधी कळेल आणि घरच्यांना नंतर? हा शेवटचा पर्याय निघाला तर तिथे थांबा आणि त्याचे परिणाम बोलून घ्या. मिठाचा सट आधीच दाखवला तर आपण आईच्या चुकीचे साक्षीदार होतो. नाही दाखवला तर आपण बापाच्या पंगतीला बसतो आणि त्याच्याबरोबर गप्प राहतो. दिग्दर्शकाने कुणाच्या पंगतीला बसवलं, हे त्यामुळे मुलांना सिनेमा बघण्याआधीच विचारता येऊ लागतं.

चौकटी तयार झाल्या की पाकिटात घालून ठेवा. सिनेमात हा प्रसंग येतो का, आला तर कसा, हे मुलांनी स्वतः पडताळायचं आहे. नसेल तर वेगळाच प्रश्न उभा राहतो : अडीच तासांत ४२ रात्री बसवायच्या तर एकेका रात्रीला साडेतीन मिनिटं येतात. तुम्ही कुणाची साडेतीन मिनिटं कुणाला दिली असती?

सिनेमा दाखवताना

एका बैठकीत दाखवू नका. तीन भाग करा आणि प्रत्येक भागानंतर निदान वीस मिनिटं बोला. कृष्णधवल चित्राला खोली खरोखर अंधारी लागते. अग्रशाळेच्या उघड्या कमानींत दुपारी चार वाजता काहीही दिसणार नाही. आवाज त्याहून महत्त्वाचा. जुनं ध्वनिमुद्रण आधीच दबलेलं, वर पत्र्यावर पाऊस. लॅपटॉपच्या आवाजावर भागणार नाही, बाहेरचा स्पीकर घ्या आणि आदल्या दिवशी ऐकून बघा. पावसात वीज जाते हे धरूनच चाला. कुठे थांबलो त्याची वेळ कुणीतरी वहीत टिपत राहावं.

पहिल्या पाहण्यात मुलांना काहीही लिहायला सांगू नका. नुसतं बघू द्या. रडू आलं तर रडू द्या, कंटाळा आला तर तोही येऊ द्या. आजच्या मुलांना त्या अभिनयाची संथ लय जड जाते आणि तसं ती म्हणाली तर ‘आमच्या वेळी’ सुरू करू नये.

एक प्रसंग, दोनदा

सगळा सिनेमा ताडायला बसलात तर हाती काही लागणार नाही. एक प्रसंग धरा. माझा कौल पोहण्याच्या प्रसंगाला.

पुस्तकात तो असा आहे. पावसाळ्यात विहिरी भरल्या आहेत, गावची पोरं पोहतात, श्याम भितो आणि घरात लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, शिंपटी घेऊन बाहेर हाकलते. पोहून तो घरी येतो तो रुसूनच. पाठीवरचे वळ बघून तिचेच डोळे भरून येतात. लोकांनी आपल्या मुलाला भित्रा म्हणावं हे तिला खपणारं नव्हतं, म्हणून तिने मारलं. रुसलेल्या श्यामला मग ती त्याच्या आवडीचं दही देते.

आता हाच प्रसंग पडद्यावर दोनदा लावा. पहिल्यांदा आवाज बंद करून. मुलांनी फक्त आईच्या, म्हणजे वनमालाबाईंच्या, चेहऱ्याकडे आणि हातांकडे बघायचं : काठी हातात असताना चेहरा काय सांगतो? दुसऱ्यांदा चित्राकडे पाठ करून नुसता आवाज ऐकायचा : माधव वझे या मुलाचं रडणं, आईचा सूर, आणि संगीत नेमकं कुठे शिरतं. वसंत देसाई हे संगीतकार आपल्या शेजारचे, कुडाळकडच्या सोनवड्याचे. त्यांनी कुठे वाजवलं यापेक्षा कुठे गप्प बसले, हे ऐकायला सांगा.

मग वहीत चार रकाने. पुस्तकात हे कोण सांगतं. पडद्यावर आपण कुणाच्या बाजूने बघतो. काय गेलं. काय नव्याने आलं. तिसरा रकाना भरायला सोपा, चौथा अवघड, आणि पहिल्या दोन रकान्यांचा एकमेकांशी संबंध लावणं सगळ्यांत अवघड. पुस्तकात मार सांगणारा श्याम मोठा झालेला आहे; त्याला त्या माराचा अर्थ कळून वर्षं लोटली आहेत, त्यामुळे वाचतानाच आपल्याला मार माफ झालेला असतो. पडद्यावर मार खाणारं पोर पोरच असतं. तिथे माफी आईच्या चेहऱ्याने मिळवावी लागते. वनमालाबाईंना ती मिळाली का, यावर मुलांत दोन तट पडले तर फार बरं.

शेवट : जे श्यामने पाहिलंच नाही

पुस्तकात आई जाते तेव्हा श्याम तिच्याजवळ नसतो. तो घरी पोचतो तेव्हा सगळं होऊन गेलेलं असतं, उरते ती राखेची आकृती. तरीही आईचा शेवटचा आजार, तिची निरवानिरव, तिचे शब्द हे सगळं तोच सांगतो. म्हणजे घरच्यांकडून ऐकून, मनात जुळवून. सांगणाऱ्याच्या आवाजात पोचू न शकल्याचा सल आहे आणि पुस्तकाची शेवटची पानं त्या सलावरच उभी आहेत.

कॅमेऱ्याला असा उशीर होण्याचं कारण नाही. त्याला वाटलं तर तो थेट खाटेशी जाऊन उभा राहतो. म्हणून सिनेमाच्या शेवटाला मुलांनी एकच गोष्ट टिपायची : आई जाताना कॅमेरा कुठे आहे, तिच्यापाशी की वाटेवरच्या श्यामपाशी? सिनेमा पुस्तकाशी किती प्रामाणिक राहिला, याचं माझ्या मते सगळ्यांत खरं उत्तर इथे मिळतं, प्रसंगांच्या यादीत नव्हे.

गाणी

यावर थोडक्यात. ‘भरजरी गं पितांबर’ आणि ‘छडी लागे छमछम’ ही गाणी मुलांना सिनेमाआधीच पाठ असतात, पुस्तकात ती नाहीत; दोन्ही अत्र्यांची. प्रत्येक गाण्याबद्दल एवढंच विचारा : हे काढून टाकलं तर गोष्ट अडते का? आणि अडत नसेल तर ते ठेवलं कशासाठी? ‘भरजरी गं पितांबर’मधली द्रौपदीच्या चिंधीची कथा श्यामच्या आईच्या तोंडी शोभेल अशीच आहे, तिथे अत्रे गुरुजींच्या जवळ जातात. छडीच्या गाण्यात ते सरळ स्वतःच्या शाळेत शिरले आहेत, असं मला वाटतं.

अवघड प्रश्न येतील, येऊ द्या

‘देवाला सारी प्रिय’ या रात्री एका म्हातारीची लाकडाची मोळी खाली पडते. ती महार आहे म्हणून कुणी हात लावत नाही. आई श्यामला मोळी उचलून द्यायला पाठवते. आणि घरी येऊन आंघोळ कर, असंही सांगते. चलाख मुलगी किंवा मुलगा इथे थांबवणार : आंघोळ का? ‘तेव्हा तसं होतं’ म्हणून पान उलटू नका. आई रूढी मोडते, पण रूढीच्या आत राहूनच. तिच्या मुलाने १९४७ साली पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून उपोषण केलं. सिनेमा आला तेव्हा अस्पृश्यता संविधानाने बंद झालेली होती. आता मुलांनी बघायचं, की हा प्रसंग सिनेमात कोणत्या रूपात आहे, आणि आंघोळीचं काय झालं. तीन काळ मनात पक्के करा असं आधी म्हटलं ते अशा प्रसंगांसाठी.

‘माझी आई नोकरी करते, ती अशी नाही’ हेही कुणीतरी म्हणेल. त्याला उत्तर द्यायची गरज नाही. त्याच्या वहीत ते लिहून राहू द्या.

घरी एक काम द्या. आजी-आजोबांनी हा सिनेमा कुठे पाहिला, हॉलमध्ये की गावात पडदा लावून, की थेट टीव्हीवर, हे विचारून यायचं. आणि त्यांना आठवतो तो प्रसंग पुस्तकातला आहे की सिनेमातला, हे मुलांनी तपासायचं. दोन्हींची सरमिसळ झालेली असते, आणि ती उकलताना आजीही पुन्हा पुस्तक मागून घेते.

लिहून काढताना

शेवटच्या रविवारी प्रत्येकाने एक-दीड पान लिहायचं, ते एकाच प्रसंगावर. ‘पुस्तक चांगलं आहे आणि सिनेमाही चांगला आहे, दोन्हींतून आईची महती कळते’ हे वाक्य येणारच, शाळेने ते शिकवलेलंच आहे. ते खोडू नका, त्याखाली लिहा : कुठे? कुठल्या पानावर, कुठल्या मिनिटाला? ‘पुस्तकात श्यामला दही मिळतं तेव्हा मला त्याचा राग गेलेला कळतो, सिनेमात मला आधी आईचं तोंड दिसलं, म्हणून माझा राग श्यामच्या आधीच गेला’ अशा धर्तीचं एक वाक्य निघालं तरी महिना कारणी लागला. शुद्धलेखन त्या दिवशी तपासू नये.

या सिनेमाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं, हे लिहिण्याआधी सांगू नका. पदक ऐकलं की मुलं नावं ठेवायची थांबतात. लेख हातात आल्यावर सांगा. आणि २०२३ साली याच पुस्तकावर सुजय डहाके यांनी पुन्हा सिनेमा केला आहे, तोही कृष्णधवल. तो या महिन्यात आणू नका. दोन सिनेमे आले की मुलं ते दोन सिनेमेच एकमेकांशी ताडत बसतात आणि पुस्तक मिटलेलं राहतं. तो दिवाळीच्या सुट्टीत दाखवा, तेव्हा हेच चार रकाने आणि पाकिटातल्या सहा चौकटी पुन्हा कामाला येतील.